धुराआडचा कारागीर : मिस्टेरिओ आणि भासनिर्मितीचा धंदा

अमेरिकी चित्रकथांमधील बहुतेक खलनायकांना त्यांचे सामर्थ्य एखाद्या अपघातातून लाभलेले असते. स्पायडर-मॅनच्या पहिल्या दोन वर्षांतील शत्रूंकडे पाहिले तरी हे लक्षात येते : डॉक्टर ऑक्टोपसचे यांत्रिक हात प्रयोगशाळेतील स्फोटानंतर त्याच्या शरीराशी एकजीव होतात, सँडमॅन अणुचाचणीच्या जागी सापडून वाळूचा होतो, आणि वीजवाहिनीवर काम करणारा इलेक्ट्रो अंगावर वीज कोसळूनही वाचतो व विजेचा स्वामी बनतो. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या तेराव्या अंकात, ज्याच्या मुखपृष्ठावर जून १९६४ हा महिना छापलेला आहे, प्रथम अवतरलेला मिस्टेरिओ या मालिकेत वेगळा पडतो, कारण त्याच्या आयुष्यात असा कोणताही अपघात नाही. तो स्टंटमॅन आहे आणि चित्रपटांसाठी स्पेशल इफेक्ट्स, म्हणजे प्रत्यक्षात घडू न शकणाऱ्या घटना पडद्यावर घडल्यासारख्या दाखवण्याच्या युक्त्या, तयार करणारा तंत्रज्ञ आहे. त्याच्याजवळ जे काही आहे ते सारे त्याच्या धंद्यातून आलेले आहे, आणि म्हणून त्याचा इतिहास लिहायचा तर तो त्या धंद्याच्या इतिहासापासून सुरू करावा लागतो.

हा धंदा म्हणजे भास निर्माण करण्याचा धंदा. त्याला जादूगार, कंदीलवाले, नाटकमंडळ्यांचे नेपथ्यकार, छायाचित्रकार आणि अलीकडे संगणकतज्ज्ञ असे अनेक पूर्वज व वारस आहेत, पण या सर्वांना बांधणारा एक जुना नियम आहे : युक्ती जितकी चांगली साधेल तितका ती करणारा प्रेक्षकाच्या नजरेआड राहतो. नटाला टाळ्या मिळतात त्या तो दिसतो म्हणून, आणि या कारागिराचे कसब यशस्वी ठरते ते तो दिसत नाही म्हणून. या नियमातून निर्माण होणारी कुचंबणा ही धंद्याची जुनी दुखरी नस आहे, आणि मिस्टेरिओ या पात्राचे मर्म त्याच्या हिरव्या पोशाखात किंवा काचेच्या गोलाकार शिरस्त्राणात शोधण्यापेक्षा या नसेत शोधणे अधिक योग्य ठरते.

जादूचा कंदील, म्हणजे काचेवर रंगवलेले चित्र दिव्याच्या प्रकाशाने व भिंगाच्या साहाय्याने पडद्यावर मोठे करून दाखवणारे यंत्र, याचे श्रेय सामान्यतः डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याला दिले जाते आणि त्याचा काळ १६५९ च्या आसपासचा मानला जातो. पुढच्या शतकात या यंत्राचा उपयोग कोणी कसा करावा याच्या दोन वाटा फुटल्या. जर्मनीतील लाइपझिग शहरात कॉफीगृह चालवणाऱ्या योहान गेओर्ग श्र्योप्फर याने बंद खोलीत, मंत्रतंत्राच्या वातावरणात, उसळत्या धुरावर मृतांच्या आकृत्या उमटवल्या आणि आपण खरोखरच प्रेतात्म्यांना पाचारण करतो असा दावा केला. धुराचा पडदा सतत हलत असल्याने त्यावरील चित्रही जिवंत असल्याप्रमाणे थरथरते, ही गोष्ट त्याने नेमकी हेरली होती. १७७४ मध्ये याच श्र्योप्फरने गोळी झाडून घेऊन आयुष्य संपवले. दुसरी वाट एतिएन-गास्पार रॉबेर याची, जो रॉबर्टसन या नावाने प्रसिद्ध झाला. मूळचा लिएजचा असलेल्या या गृहस्थाने १७९८ पासून पॅरिसमध्ये आणि पुढच्याच वर्षापासून तेथील कापुसिन पंथाच्या एका रिकाम्या मठात ‘फँटास्मागोरिया’ या नावाचे खेळ सुरू केले. कंदील चाकांवर बसवून पडद्याच्या मागे ठेवलेला असे, आणि तो मागेपुढे सरकवताच पडद्यावरील भूत आकाराने वाढत प्रेक्षकांच्या अंगावर धावून आल्यासारखे वाटे. मात्र रॉबर्टसन खेळाच्या आरंभीच सांगून टाकीत असे की आपण दाखवतो ती शास्त्राची करामत असून अंधश्रद्धा दूर करणे हा तिचा हेतू आहे.

एकच यंत्र, एकच धूर आणि एकच अंधार वापरणारे हे दोघे फक्त एका वाक्याने वेगळे होतात : ‘ही युक्ती आहे’ हे वाक्य रॉबर्टसन उच्चारतो आणि श्र्योप्फर गिळून टाकतो. करमणूक आणि फसवणूक यांच्यातील सीमारेषा या धंद्यात तंत्रावर कधीच अवलंबून नव्हती, ती कबुलीवर अवलंबून होती. महाराष्ट्रात १८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील रंगीत चित्रांतून पौराणिक कथा हलत्या रूपात दाखवण्याचे जे खेळ सुरू केले ते याच दीपपरंपरेतले होते, आणि तेही उघड उघड खेळ म्हणूनच लावले जात.

श्रेयाचा प्रश्न या धंद्यात कसा पेटतो याचा नमुना म्हणून ‘पेपरचे भूत’ या प्रसिद्ध युक्तीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. रंगमंचाच्या पुढच्या भागात मोठी काच तिरकी उभी केलेली असते, प्रेक्षकांच्या नजरेखालील खड्ड्यात उभ्या असलेल्या नटावर प्रखर प्रकाश टाकला जातो, आणि त्याचे प्रतिबिंब काचेवर पडून तो रंगमंचावरील खऱ्या नटांमध्ये वावरणारा पारदर्शक जीव असल्याचा भास होतो. खालचा दिवा मंद केला की भूत विरते. ही कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची होती. त्याने ती १८५८ मध्ये मांडली, परंतु त्याच्या आराखड्याप्रमाणे करायचे तर नाट्यगृहच नव्याने बांधावे लागले असते, म्हणून कोणी ती हाती घेईना. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनमधील जॉन हेन्री पेपर याने तीत असा फेरफार केला की साध्या रंगमंचावरही ती उभी राहावी, आणि २४ डिसेंबर १८६२ रोजी चार्ल्स डिकन्सच्या एका भूतकथेतील प्रवेश तिच्या साहाय्याने सादर केला. पुढे दोघांनी मिळून तिचे पेटंट घेतले. डर्क्सने पैशावरचा हक्क पेपरला सोडून दिला होता, त्याची अपेक्षा एवढीच होती की जाहिरातींत आपले नाव यावे, आणि तेच येईना. तेव्हा त्याने १८६३ मध्ये या भुतावर एक पुस्तक लिहून आपली तक्रार जगापुढे मांडली. पुस्तकाचा फारसा उपयोग झाला नाही, युक्ती आजही पेपरच्याच नावाने ओळखली जाते.

भासाचा उपयोग सत्तेसाठीही झालेला आहे, आणि तोही एका सरकारकडून. मूळचा घड्याळजी असलेला फ्रेंच जादूगार रॉबेर-हुदँ, ज्याच्या नावावरून पुढे हुदिनीने आपले नाव घेतले, त्याला फ्रान्सच्या सरकारने १८५६ मध्ये अल्जीरियात पाठवले. तेथील मराबूत, म्हणजे लोकांवर धार्मिक वजन असलेले साधुपुरुष, चमत्कारांच्या बळावर लोकांना फ्रेंचांविरुद्ध उठवतील अशी राज्यकर्त्यांना भीती होती, आणि फ्रेंचांची जादू त्यांच्याहून श्रेष्ठ आहे हे दाखवून देणे ही त्याची कामगिरी होती. त्याच्या एका प्रयोगात लहानशी पेटी कोणीही सहज उचलावी, पण जादूगाराने ‘आता तुझे बळ गेले’ असे म्हणताच धट्ट्याकट्ट्या माणसालाही ती जागची हलवता येऊ नये, असा प्रकार असे. पेटीच्या तळाला लोखंड होते आणि रंगमंचाखाली विद्युतचुंबक, म्हणजे वीज सोडताच चुंबक बनणारे वेटोळे. येथे ‘ही युक्ती आहे’ हे वाक्य प्रयोगाच्या वेळी जाणूनबुजून दडवलेले होते. चित्रकथेतील खलनायकाने विद्युतयंत्रे वापरून लोकांना धाक घालावा ही कल्पना अतिरंजित वाटते खरी, परंतु तिची पहिली व्यवस्थित अंमलबजावणी राजाश्रयाने झालेली होती हे विसरता येत नाही.

याच रॉबेर-हुदँच्या नावाचे पॅरिसमधील नाट्यगृह १८८८ मध्ये जॉर्ज मेलिएस याने विकत घेतले आणि तेथूनच रंगमंचावरची जादू चित्रपटात शिरली. कॅमेरा थांबवून, माणूस बाजूला करून, पुन्हा कॅमेरा सुरू केला की माणूस क्षणार्धात नाहीसा झालेला दिसतो, ही १८९६ मध्ये त्याने वापरलेली युक्ती रंगमंचावरील सापळ्याच्या दाराचे काम एका हँडलवर आणून ठेवते. भारतात हीच वाट चोखाळणारे धुंडिराज गोविंद फाळके हेही चित्रपटाकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करीत आणि त्यासाठी आपलेच आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव लावीत. ‘लंकादहन’ आणि ‘कालियामर्दन’ या चित्रपटांतील ट्रिकसीन म्हणजे जादूगाराच्या हाती कॅमेरा आल्याचे फळ होते. मेलिएस आणि फाळके हे दोघेही स्वतःच निर्माते असल्यामुळे श्रेय त्यांच्याकडेच राहिले. पुढे स्टुडिओ मोठे झाले, कामाची वाटणी झाली आणि युक्ती करणारा माणूस पुन्हा पडद्याआड गेला.

हॉलिवूडच्या स्टुडिओंमधील या विभागांचे काम कसे चाले याची कल्पना ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या १९३९ च्या चित्रपटावरून येते. त्यातील चक्रीवादळ म्हणजे सुमारे ३५ फूट लांबीचा मलमलीचा एक निमुळता पिळा होता, जो वरून टांगून फिरवला जाई आणि ज्याच्या पायथ्याशी धूळ उडवली जाई. दुष्ट चेटकीण ज्वाळांमध्ये अदृश्य होण्याचे दृश्य सापळ्याचे दार, धूर आणि आग यांच्या मेळातून साधायचे होते, परंतु २३ डिसेंबर १९३८ रोजी आग वेळेआधी भडकली आणि ती भूमिका करणारी मार्गारेट हॅमिल्टन चेहऱ्याला व हाताला भाजली. त्याआधी टिनच्या माणसाच्या भूमिकेसाठी निवडलेल्या बडी एब्सेनच्या फुप्फुसांत रंगभूषेतील ॲल्युमिनियमची भुकटी गेल्याने त्याला रुग्णालयात ठेवावे लागले होते. पडद्यावर पडणारा बर्फ ॲस्बेस्टॉसचा होता. धूर, सापळा, रसायन आणि यंत्र ही मिस्टेरिओची चारही आयुधे येथे एकाच चित्रपटात हजर आहेत, आणि ती माणसाला इजा करू शकतात याचा पुरावाही.

नावाच्या बाबतीत परिस्थिती फारशी सुधारलेली नव्हती. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील कडाडणाऱ्या ठिणग्यांची सारी विद्युतयंत्रे बनवणाऱ्या केनेथ स्ट्रिकफाडन याचे नाव त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही. मेल ब्रूक्स याने १९७४ मध्ये ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ हा विडंबनपट काढला तेव्हा ती यंत्रे वृद्ध स्ट्रिकफाडनकडेच जपून ठेवलेली आढळली, ब्रूक्सने ती भाड्याने घेतली आणि त्याचे नाव पडद्यावर दिले. ज्या प्रयोगशाळेची नक्कल पुढच्या शेकडो चित्रपटांनी आणि चित्रकथांनी केली तिच्या कर्त्याला त्या कामाबद्दल नाव मिळायला ४३ वर्षे लागली. ऑस्कर पुरस्कारांमध्ये स्पेशल इफेक्ट्ससाठी स्पर्धेचा नियमित विभाग सुरू झाला तो १९३९ च्या चित्रपटांपासून, आणि पहिला मान ‘द रेन्स केम’ या चित्रपटाला मिळाला. पन्नाशीच्या दशकात दूरचित्रवाणीच्या आक्रमणाने स्टुडिओंची घडी विस्कटली आणि वर्षानुवर्षे पगारावर असलेले कारागीर विभाग आक्रसू लागले. मिस्टेरिओची कथा लिहिली गेली तो हा काळ आहे.

ती कथा स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांची. न्यू यॉर्कमध्ये स्पायडर-मॅनच्या वेषातील कोणीतरी दरोडे घालते, आणि खरा स्पायडर-मॅन असलेला पीटर पार्कर हा तरुण आपणच झोपेत हे करीत नाही ना या शंकेने इतका हादरतो की तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यापर्यंत मजल मारतो. मग शहराचा तारणहार म्हणून मिस्टेरिओ प्रकट होतो, वृत्तपत्राचा प्रकाशक जे. जोना जेमसन त्याला डोक्यावर घेतो, आणि ब्रुकलिनच्या पुलावरील पहिल्या सामन्यात स्पायडर-मॅन सपशेल हरतो : बुटांतून निघणारा धूर शत्रूला दडवतो, कोळ्याचे जाळे रसायनाने विरघळते आणि संकटाची चाहूल देणारी नायकाची जाणीव निकामी ठरते. कथेची खरी गंमत दुसऱ्या सामन्यात आहे. मिस्टेरिओ आपली सारी हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगतो, चित्रपटांतील स्टंट आणि युक्त्यांच्या बळावर आपणच नकली स्पायडर-मॅन कसे झालो याचा पाढा वाचतो, आणि नायकाने लपवलेला टेपरेकॉर्डर ते सारे टिपून घेतो. खलनायकाने उगाच आपले बेत बोलून दाखवणे हा चित्रकथांचा रूढ दोष मानला जातो, पण येथे तो दोष राहत नाही. आयुष्यभर ज्याचे काम कोणाला दिसले नाही असा कारागीर एकुलत्या एका प्रेक्षकासमोर आपली श्रेयनामावली वाचून दाखवतो, आणि त्याच कबुलीत अडकतो. त्यानंतरची झटापट एका स्टुडिओत, मांडलेल्या सेट्समधून होते, ही जागेची निवडही डोळसपणे केलेली दिसते.

डिटको हा चित्रकार या विषयाकडे कसा पाहत होता याचा अंदाज त्याच्याच दुसऱ्या पात्रावरून बांधता येतो. जुलै १९६३ च्या ‘स्ट्रेंज टेल्स’मध्ये त्याने डॉक्टर स्ट्रेंज हा खरा मांत्रिक रंगवला होता, ज्याची जादू कथेच्या जगात सत्य आहे. त्यानंतर वर्षाच्या आतच त्याच लेखणीतून खोटा मांत्रिक उतरला. दोघांच्याही खांद्यावर उंच गळपट्टीचा झगा आहे, दोघेही हाताची बोटे ताणून अदृश्य शक्तीला हुकूम सोडल्यासारखे उभे राहतात, परंतु एकाच्या भोवतीचे धुके दुसऱ्या विश्वाचे आहे आणि दुसऱ्याच्या भोवतीचे बुटातील नळीतून आलेले. मार्व्हल प्रकाशनाची तेव्हाची कामाची रीतही येथे लक्षात घ्यावी लागते. लीने थोडक्यात कल्पना द्यायची, चित्रकाराने सगळी पाने प्रसंगांसह रचून काढायची आणि मग लीने संवाद भरायचे, अशी ती होती. कथानक रचणारा म्हणून डिटकोचे नाव १९६५ च्या मध्यापासून छापले जाऊ लागले, आणि १९६६ मध्ये ३८ व्या अंकानंतर त्याने ही मालिका सोडली. मिस्टेरिओ हे त्याचे आत्मचरित्र होते असे म्हणण्याला काही आधार नाही, मात्र श्रेयाची ठसठस त्याला परकी नव्हती एवढे निश्चित म्हणता येते.

१९५४ मध्ये चित्रकथा उद्योगाने स्वतःवर लादून घेतलेल्या आचारसंहितेचा, म्हणजे कॉमिक्स कोडचा, उल्लेखही आवश्यक आहे. फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाच्या टीकेनंतर आणि अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढील सुनावण्यांनंतर आलेल्या या नियमांनी रक्तपिपासू भुते आणि चालती प्रेते चित्रकथांतून हद्दपार केली होती. गुन्हेगाराला शेवटी शिक्षा झालीच पाहिजे असाही दंडक होता. अशा वेळी अक्राळविक्राळ दृश्ये दाखवून शेवटी ‘हे सारे कापड आणि रसायन होते’ असे सांगणारा खलनायक प्रकाशकाला सोयीचा पडला असावा.

मे १९६५ च्या चोविसाव्या अंकातील कथा या पात्राच्या साऱ्या इतिहासात तंत्राच्या दृष्टीने सर्वांत सुबक म्हणावी लागेल. लुडविग राइनहार्ट नावाचा एक मानसोपचारतज्ज्ञ स्पायडर-मॅनला वेड लागत असल्याचे भाकीत करतो आणि त्याला आपल्या घरी बोलावतो. नायक दार उघडतो तर मेज, खुर्च्या आणि सारे सामान छताला, आणि तो स्वतः जणू उलटा उभा. येथे संमोहन नाही, किरण नाही, फक्त सुतारकाम आहे : छताला जमिनीचे आणि जमिनीला छताचे रूप देऊन सामान वर घट्ट बसवलेले. ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी जत्रांमध्ये ‘झपाटलेला झोका’ या नावाने लोकप्रिय होती. प्रेक्षक मध्यभागी टांगलेल्या मोठ्या झोक्यात बसत, झोका जवळजवळ स्थिरच राही आणि भोवतालची खोली तिच्यात खिळलेल्या सामानासह गरगर फिरवली जाई, त्यामुळे आपणच उलटे होत आहोत असे वाटून लोक कड्यांना घट्ट धरून बसत. १९५१ च्या ‘रॉयल वेडिंग’ या चित्रपटात फ्रेड अ‍ॅस्टेअर भिंतींवर आणि छतावर नाचतो ते याच तत्त्वावर, फिरत्या खोलीत कॅमेरा जमिनीला जखडून. राइनहार्ट हा अर्थातच वेषांतर केलेला मिस्टेरिओ निघतो, आणि शरीराला इजा करण्यापेक्षा शत्रूचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडवणे हे त्याचे खरे शस्त्र आहे हे या कथेने कायमचे ठरवून टाकले.

इतर कथांपैकी थोड्यांचीच नोंद येथे पुरेशी आहे. १९६४ च्या पहिल्या वार्षिक विशेषांकात सहा खलनायकांच्या टोळीचा सदस्य म्हणून तो एक्स-मेन या नायकगटाच्या रूपातील यंत्रमानव पुढे करतो. १९६८ च्या अखेरीस आलेल्या जोडकथेत तो स्पायडर-मॅनला आपण सहा इंचांचे झालो असून मेजावरील खेळण्यातील जत्रेत अडकलो आहोत असे भासवतो. स्टुडिओत लहान प्रतिकृती मोठ्या दाखवण्याची जी नित्याची रीत होती तिचे हे उलटे रूप होय. १९७५ मध्ये डॅनियल बर्कहार्ट नावाचा दुसराच माणूस त्याचा पोशाख घालतो, आणि यात नवल नाही, कारण रक्तात भिनलेली शक्ती वारशाने देता येत नसली तरी हत्यारांची पेटी देता येते.

मिस्टेरिओच्या विरोधात नायक ज्या परंपरेतून उभा राहतो तीही जादूगारांचीच आहे. १८६५ मध्ये चेल्टनहॅम येथे प्रेतात्मे बोलावण्याचा दावा करणाऱ्या डेव्हनपोर्ट बंधूंच्या कपाटाची लबाडी तरुण जॉन नेव्हिल मॅस्किलाइनने हेरली आणि मग तेच प्रयोग भुताखेतांच्या मदतीशिवाय करून दाखवले. विसाव्या शतकात हॅरी हुदिनीने प्रेतात्मवादी माध्यमांचा पिच्छा पुरवला आणि १९२४ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. युक्ती उघड करायला युक्ती जाणणाराच लागतो हा या लोकांचा अनुभव होता, आणि पीटर पार्कर हा स्वतः जाळ्याचे रसायन व ते फेकणारे यंत्र बनवणारा विद्यार्थी आहे हे त्या अनुभवाला धरूनच आहे.

धंद्याची शारीरिक किंमत चित्रकथेने मान्य केली ती बरीच उशिरा. केव्हिन स्मिथ यांनी लिहिलेल्या आणि जो केसाडा यांनी रेखाटलेल्या, १९९८-९९ मधील ‘गार्डियन डेव्हिल’ या, डेअरडेव्हिल नावाच्या दुसऱ्या नायकाच्या कथामालेत मिस्टेरिओला असाध्य कर्करोग झालेला आहे, आणि त्याचे कारण त्याच्याच उपकरणांतील रसायने व किरणोत्सर्ग हे आहे. मरण्यापूर्वी एक शेवटचा भव्य प्रयोग करावा म्हणून तो डेअरडेव्हिलच्या धर्मश्रद्धेवर भासांचा मारा करतो, आणि डेअरडेव्हिल त्याला ‘यात नवे काय’ अशा अर्थाचे बोल ऐकवतो तेव्हा तो स्वतःवर गोळी झाडतो. चित्रकथांच्या जगात मरण टिकत नाही आणि पुढे हा गृहस्थ परतलाच. तरीही आपल्याच धुराने फुप्फुसे गमावलेला भासकार हे चित्र, ॲल्युमिनियमच्या भुकटीने अंथरुणाला खिळलेला एब्सेन आठवता, अतिशयोक्तीचे म्हणता येत नाही. लाइपझिगच्या श्र्योप्फरचा शेवटही स्वतःच्याच गोळीने झाला होता, जरी लेखकाने ते साम्य योजलेले असण्याची शक्यता कमी आहे.

‘ज्युरासिक पार्क’नंतर, म्हणजे १९९३ पासून, धूर, काच आणि मलमल यांची जागा झपाट्याने संगणकाने घेतली, आणि या धंद्याचे कारखाने जगभर पसरले. श्रेयाचा जुना प्रश्न मात्र सुटला नाही. मुंबई आणि हैदराबाद येथेही शाखा असलेल्या ऱ्हिदम अँड ह्यूज या अमेरिकी कंपनीने ‘लाइफ ऑफ पाय’मधील वाघ साकारला, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच महिन्यात तिच्या कामाला ऑस्कर मिळाले, समारंभाच्या बाहेर शेकडो तंत्रज्ञ निदर्शने करीत होते, आणि पुरस्कार घेणारे बिल वेस्टेनहॉफर कंपनीच्या अडचणींचा विषय काढताच ‘जॉज’ चित्रपटाचे संगीत वाजवून त्यांचे भाषण आवरते घेण्यात आले.

सहा वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये, जॉन वॉट्स दिग्दर्शित ‘स्पायडर-मॅन : फार फ्रॉम होम’ या चित्रपटात जेक जिलेनहालने साकारलेला मिस्टेरिओ पडद्यावर आला. हा मिस्टेरिओ, ज्याचे खरे नाव क्वेंटिन बेक, चित्रपटधंद्यातला नाही. तो टोनी स्टार्क या उद्योगपतीच्या कंपनीतून काढून टाकलेला तंत्रज्ञ आहे, ज्याने बनवलेल्या प्रतिमातंत्राला मालकाने थट्टेचे नाव दिले. व्हेनिस, प्राग आणि लंडन येथे थैमान घालणारे त्याचे राक्षस म्हणजे ड्रोनमधून फेकलेल्या प्रतिमा आहेत, आणि तालमीच्या वेळी तो अंगाची हालचाल टिपणारा तोच घट्ट पोशाख घालतो जो प्रत्यक्ष चित्रपट-स्टुडिओंत वापरतात. मूळ पात्राला त्याच्या धंद्यातून उचलून एका बड्या कंपनीच्या वादात नेऊन बसवल्याने कथेचे नुकसान झाले आहे, कारण सूड आता एका मालकावर उगवायचा आहे आणि नाव न मिळण्याची जुनी धंदेवाईक व्यथा त्यात पातळ होते. दुसऱ्या एका बाबतीत मात्र चित्रपट मूळ कथेपेक्षा अधिक खरा आहे. १९६४ चा मिस्टेरिओ सारे काही एकटाच करतो, आणि कोणत्याही स्टुडिओत असे कधी घडलेले नाही. २०१९ च्या बेकजवळ मात्र कथा रचणारा आहे, ड्रोन सांभाळणारा आहे, इतर कामांची माणसे आहेत, आणि तरुण नायकाला फसवून झाल्यावर तो मद्यगृहाच्या एका बनावट सेटवर या एकेकाचे नाव घेऊन, कोणी काय केले ते सांगून, सर्वांचे जाहीर आभार मानतो.

या धंद्यातील माणसांना इतके तपशीलवार श्रेय चित्रपटाच्या मध्यावर, प्रेक्षक खुर्च्यांत बसलेले असताना, क्वचितच कोणी दिलेले आहे, आणि येथे ते देणारा खलनायक आहे.